सिंक फलन वापरताना: साधे रूप, प्रमाणित रूप आणि मुरगावच्या भरतीचा हिशेब

मुरगाव बंदरातील पाण्याच्या पातळीच्या दर तासाच्या नोंदी घ्यायच्या, त्यांतून रोजची भरती-ओहोटी वजा करायची आणि तिच्याखाली दडलेला, वाऱ्यामुळे व ऋतुमानामुळे होणारा संथ चढउतार पाहायचा, हा गोव्यातील विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सहज सुचणारा प्रकल्प आहे. हे गणित चार ओळींत मांडले की त्यात सिंक फलन, म्हणजेच कार्डिनल साइन, आपोआप उगवते. अडचण अशी की या एकाच नावाने दोन सूत्रे प्रचलित आहेत आणि पुस्तके, तक्ते व संगणकीय आज्ञावल्या त्यांपैकी कोणते तरी एक गृहीत धरून चालतात. चुकीचे सूत्र निवडले, तर जी भरती चाळणीतून, म्हणजे तिला वजा करणाऱ्या सरासरीतून, गेल्यावर तीन मिलिमीटर उरायला हवी ती बावीस सेंटीमीटर उरल्यासारखी दिसते. हा फरक कसा पडतो आणि तो कसा टाळायचा, हे येथे टप्प्याटप्प्याने पाहू.

व्याख्या आणि त्यांतील नाते

पहिले सूत्र कलनशास्त्राच्या पुस्तकांत भेटते. त्याला आपण साधे सिंक म्हणू आणि ‘सा’ असे लिहू:

सा(क्ष) = साइन(क्ष) ÷ क्ष

दुसरे सूत्र संदेश-प्रक्रियेच्या पुस्तकांत भेटते. त्याला प्रमाणित सिंक म्हणू आणि ‘प्र’ असे लिहू:

प्र(क्ष) = साइन(पाय × क्ष) ÷ (पाय × क्ष)

येथे पाय म्हणजे वर्तुळाचा स्थिरांक π, सुमारे ३.१४१६. क्ष शून्य असताना दोन्ही सूत्रांत शून्याला शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. परंतु क्ष शून्याकडे जाताना दोन्हींची सीमा १ आहे, म्हणून शून्यापाशी दोन्हींचे मूल्य १ असे ठरवले जाते आणि त्यामुळे ही फलने सर्वत्र सलग व गुळगुळीत होतात. दोहोंमधील नाते एका ओळीचे आहे: प्र(क्ष) = सा(पाय × क्ष). म्हणजे आलेख एकच आहे, फक्त आडवा अक्ष पायपटीने आवळलेला आहे. उंची कोठेही बदलत नाही. शिखरे आणि दऱ्या तेवढ्याच राहतात, त्यांच्या जागा मात्र सरकतात.

माझ्या मते हे नाते पाठ करण्यापेक्षा एवढे ध्यानात ठेवणे अधिक उपयोगी आहे की साध्या सिंकला कोन द्यावा लागतो आणि प्रमाणित सिंकला मोजणी द्यावी लागते. हातातील राशी रेडियनमधला कोन असेल तर साधे रूप घ्यावे. ती ‘इतकी आवर्तने’ किंवा ‘इतकी नमुना-अंतरे’ अशी निव्वळ संख्या असेल तर प्रमाणित रूप घ्यावे. फिलिप वुडवर्ड आणि आय. एल. डेव्हिस यांनी १९५२ साली दूरसंचारातील माहिती-सिद्धान्तावरील निबंधात हे नाव रूढ केले, आणि १९५३ च्या रडारविषयक पुस्तकात वुडवर्ड यांनी ते प्रमाणित रूपासाठी वापरले. रडारच्या कामात वेळ आणि वारंवारता यांचा गुणाकार वरचेवर येतो आणि तो मोजणीच असतो, तेव्हा ही निवड स्वाभाविक होती.

पहिले काम: आज्ञावली कोणते सिंक देते ते तपासणे

कोणतेही साधन हाती घेतले की त्याला सिंक(१) विचारावे. उत्तर ०.८४१५ आले तर ते साधे रूप आहे; उत्तर शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचे आले तर प्रमाणित. शंका उरली तर सिंक(०.५) पाहावे: साध्या रूपात ते ०.९५८९ येते आणि प्रमाणित रूपात ०.६३६६, म्हणजे २ ÷ पाय. पायथनमधील नमपाय, तसेच मॅटलॅब आणि ज्युलिया ही साधने प्रमाणित रूप देतात. मॅथेमॅटिका आणि पायथनमधीलच सिमपाय साधे रूप देतात. एकाच पायथनच्या फायलीत नमपाय आणि सिमपाय दोन्ही आयात केलेली असतील, तर सूत्र सिमपायमध्ये सोडवून आकडे नमपायमध्ये काढताना पायाचा गुणक कोठे तरी हरवतो किंवा दोनदा लागतो. माझ्या पाहण्यात विद्यार्थ्यांच्या कामातील सर्वांत चिवट चूक हीच आहे, कारण आज्ञावली कोठेही अडत नाही आणि आलेखही दिसायला सिंकसारखाच दिसतो.

एक्सेलमध्ये सिंक नावाचे तयार फलन नाही; तेथे साइन आणि पाय यांवरून सूत्र स्वतः लिहावे लागते आणि शून्यासाठी वेगळी अट घालावी लागते. खिशातील कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याने तो रेडियनवर आहे ना, ते आधी पाहावे. तो अंशांवर असेल तर साइन(१) ÷ १ चे उत्तर ०.०१७४५ येते आणि ते दोन्ही व्याख्यांशी जुळत नाही.

शून्ये, टोके आणि क्षेत्रफळ

साधे सिंक पायाच्या प्रत्येक शून्येतर पटीला शून्य होते, आणि प्रमाणित सिंक प्रत्येक शून्येतर पूर्णांकाला. प्रमाणित रूपाचा सगळा लौकिक या एका गुणावर उभा आहे: स्वतःच्या जागी १, इतर प्रत्येक पूर्णांकी जागी ०.

दोन शून्यांमधील टोक, म्हणजे शिखर किंवा दरी, बरोबर मध्यावर असते असा अनेकांचा समज असतो, तो खरा नाही. साध्या रूपाचे विकलन (कोसाइन(क्ष) − सा(क्ष)) ÷ क्ष असे येते; म्हणून टोके तेथेच असतात जेथे सिंकचा आलेख कोसाइनच्या आलेखाला छेदतो, म्हणजे टॅन(क्ष) = क्ष असते. हे समीकरण हाताने सोडवायचे असेल तर ४.५ पासून सुरुवात करून पुन्हा पुन्हा ‘पाय + व्यस्त टॅन(क्ष)’ काढत जावे: पहिल्याच फेरीत ४.४९३७ मिळते, दुसऱ्या फेरीत ४.४९३४, आणि पुढे चौथा दशांश हलत नाही. तेथे फलनाचे मूल्य −०.२१७२ आहे. प्रमाणित रूपात हीच दरी १.५ वर नसून १.४३०३ वर येते, तिची खोली मात्र तितकीच. अभियंते हिलाच −१३.२६ डेसिबलचा पहिला उपखंड म्हणतात. त्यापुढची टोके साध्या रूपात ७.७२५३ आणि १०.९०४१ येथे असून त्यांची मूल्ये ०.१२८४ आणि −०.०९१३ आहेत, जसजसे पुढे जावे तसतशी टोके मध्याच्या जवळ सरकतात.

ऋण अनंतापासून धन अनंतापर्यंत साध्या सिंकचे संकलन पाय येते आणि प्रमाणिताचे १. ‘प्रमाणित’ हे विशेषण याच १ वरून आले आहे. दोन्हींच्या वर्गाचे संकलनही अनुक्रमे पाय आणि १ च येते, जे पहिल्यांदा पाहताना थोडे चकित करते. येथे सावध राहण्याची गोष्ट अशी की चिन्ह टाकून, म्हणजे निरपेक्ष मूल्य घेऊन, संकलन केले तर ते अनंत होते. बेरीज मर्यादित राहते ती केवळ धन आणि ऋण पट्ट्यांच्या वजाबाकीमुळे. मधल्या मुख्य खंडाचेच क्षेत्रफळ प्रमाणित रूपात १.१७९ आहे, पुढचे खंड ते कमी-जास्त करत सावकाश १ वर आणतात. सिंक मध्येच कापले की त्रास का होतो, याचे मूळ या सावकाशपणात आहे.

भरतीची सरासरी

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. एखाद्या लाटेचा आवर्तनकाल ‘आ’ आहे आणि आपण तिची ‘ट’ एवढ्या काळाची सरकती सरासरी घेतो. कोसाइनचे त्या काळापुरते संकलन करून ट ने भागले की लाटेचा आकार तोच राहतो आणि तिची उंची प्र(ट ÷ आ) पटीने बदलते. ट ÷ आ म्हणजे सरासरीच्या चौकटीत बसणारी आवर्तने. ती मोजणी आहे, म्हणून येथे प्रमाणित रूप लागते. साधेच रूप वापरायचे असेल तर आत पाय × ट ÷ आ असा कोन द्यावा लागेल.

गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, पण दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य अर्धदैनिक घटकाचा आवर्तनकाल १२.४२ तास आहे. त्याची उंची सोयीसाठी ५० सेंटीमीटर मानू. उपकरणाने प्रत्येक नोंद एका तासाची सरासरी काढून दिली असेल, तर प्र(१ ÷ १२.४२) = ०.९८९४, म्हणजे सुमारे एक टक्का उंची नोंदीतच गळते. हे बहुतेक वेळा चालून जाते, पण अहवालात नमूद करावे.

संपूर्ण दिवसाची सरासरी घेतली तर? चोवीस तासांना १२.४२ ने भागले की १.९३२४ येते आणि त्याचे प्रमाणित सिंक −०.०३४७ येते. पन्नास सेंटीमीटरपैकी पावणेदोन सेंटीमीटर उरले, आणि तेही उलट्या चिन्हाने: प्रत्यक्ष भरतीच्या वेळी सरासरी किंचित खाली जाईल. पंचवीस तास घेतले तर गुणोत्तर २.०१२९ होते, सिंक ०.००६४ होते आणि उरते फक्त तीन मिलिमीटर. चांद्रदिवस २४.८४ तासांचा असल्यामुळे चौकट त्याच्याशी जुळली की हा घटक पूर्णच नाहीसा होतो. पंचवीस हा त्याच्या सर्वांत जवळचा पूर्ण तास आहे.

याच ठिकाणी कोणी सिंक(२.०१२९) साध्या रूपाच्या साधनात घातले तर उत्तर ०.४४९ येते आणि पंचवीस तासांच्या सरासरीनंतरही बावीस सेंटीमीटर भरती उरते असा निष्कर्ष निघतो. प्रारंभी म्हटलेली चूक ती हीच. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून ती लपते. चाळणी कुचकामी आहे असे समजून विद्यार्थी चाळणीच बदलू लागतो.

मात्र पंचवीस तासांवर फार विसंबू नये. दैनिक घटकांपैकी २३.९३ तासांच्या घटकाला ही चौकट −०.०४३ पट आणि २५.८२ तासांच्या घटकाला ०.०३३ पट शिल्लक ठेवते. चोवीस तासांची चौकट पहिल्याला जवळजवळ संपवते, पण अर्धदैनिक घटकाला सोडून देते. एकच आयताकृती चौकट सर्व घटकांच्या शून्यांवर बसवता येत नाही, म्हणून भरतीचे अभ्यासक दर तासाच्या ३९ नोंदींना वेगवेगळे भार देणारी डूडसन यांची चाळणी वापरतात.

काटेकोर वाचक येथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: आपल्याकडे सलग पातळी नसून तासागणिक नोंदी असतील, तर सरासरी ही संकलन नसून बेरीज आहे. तेव्हा ‘न’ इतक्या नोंदींच्या सरासरीचा खरा गुणक साइन(न × पाय × व) ÷ (न × साइन(पाय × व)) असा असतो, जेथे ‘व’ म्हणजे एका तासात पूर्ण होणारा आवर्तनाचा भाग. पंचवीस नोंदींसाठी यातून ०.००६५ मिळते, सिंकमधून ०.००६४. ‘व’ लहान असेपर्यंत फरक नगण्य राहतो. आवर्तनकाल दोन-तीन तासांवर आला की मात्र सिंक सोडून हेच सूत्र वापरावे.

तासांच्या मधली पातळी

दुसरा प्रश्न उलट दिशेचा आहे. नोंदी तासागणिक आहेत आणि साडेदहा वाजताची पातळी हवी आहे. ई. टी. व्हिटेकर (१९१५), कोतेल्निकोव्ह (१९३३) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून पुढे आलेला नमुना-सिद्धान्त सांगतो की दोन तासांहून कमी आवर्तनकालाची हालचाल पाण्यात नसेल, तर प्रत्येक नोंदीला तिच्या जागी ठेवलेल्या प्रमाणित सिंकने गुणून सर्वांची बेरीज केली की मधली पातळी तंतोतंत मिळते. पूर्णांकी जागांवरील शून्यांमुळे मूळ नोंदींना धक्का लागत नाही.

अर्ध्या तासाच्या जागेसाठी दोन्ही बाजूंच्या नोंदींचे भार ०.६३६६, −०.२१२२, ०.१२७३, −०.०९०९ असे क्रमाने येतात. चार-चार नोंदींवर थांबलो तर आठ भारांची बेरीज ०.९२१६ होते. म्हणजे पाणी अगदी स्तब्ध असले तरी मधली पातळी पावणेआठ टक्क्यांनी कमी दाखवली जाईल! बेरीज १ व्हायला हवी, पण ती होते ती १ − १/३ + १/५ − १/७ अशा मालिकेला ४ ÷ पाय ने गुणून. ही पायाची तीच गणिती माधवाची मालिका आहे जी केरळात युरोपच्या बऱ्याच आधी ठाऊक होती, आणि तिचा संथपणा प्रसिद्धच आहे.

यावर उपाय असा की भार कापण्याऐवजी त्यांना हळूहळू उतरवावे. लान्झोस यांच्या पद्धतीत प्रत्येक भाराला आणखी एका रुंद प्रमाणित सिंकने गुणतात. चार नोंदींच्या मर्यादेसाठी तो गुणक प्र(क्ष ÷ ४) असतो. मग भार ०.६२०४, −०.१६६४, ०.०५९९, −०.०१२७ होतात आणि आठांची बेरीज १.००२५ येते. चूक पावणेआठ टक्क्यांवरून पाव टक्क्यावर आली. उरलेला पाव टक्काही नको असेल तर प्रत्येक भाराला त्या बेरजेने भागावे. छायाचित्र मोठे करण्याच्या अनेक आज्ञावल्यांत लान्झोस हा पर्याय दिसतो, तो हाच.

एकेका पूर्णांकाने सरकवलेली प्रमाणित सिंक फलने परस्परांशी लंब असतात आणि प्रत्येकाची ‘लांबी’ १ असते. साध्या रूपात हेच करायचे तर सरक पायाची घ्यावी लागते आणि प्रत्येकाला पायाच्या वर्गमुळाने भागावे लागते. एखादे फलन अशा परस्परलंब फलनांच्या बेरजेत उलगडायचे हा विचार आला की गोव्यातील कोसबे गावी १९०७ साली जन्मलेल्या गणितज्ञ दामोदर कोसंबींची आठवण होणे अपरिहार्य आहे. यादृच्छिक फलनांना त्यांच्या स्वतःच्याच परस्परलंब फलनांत उलगडण्याचा सिद्धान्त त्यांनी १९४३ साली मांडला, आणि तो आज कारहुनेन व लोएव्ह यांच्या जोडीने त्यांच्याही नावाने ओळखला जातो. पातळीच्या नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याला सिंकनंतर लगेच तोच लागतो.

फूरिये तक्ते वाचताना

फूरिये रूपांतराच्या तक्त्यात वारंवारता हर्ट्‌झमध्ये आहे की कोनीय (सेकंदाला रेडियन) आहे ते आधी पाहावे. ट रुंदीच्या आणि १ उंचीच्या आयताकृती स्पंदाचे रूपांतर पहिल्या पद्धतीत ट × प्र(ट × वारंवारता) असे असते, तर दुसऱ्या पद्धतीत ट × सा(कोनीय वारंवारता × ट ÷ २) असे. या शेवटच्या ‘÷ २’ चा विसर फार लोकांना पडतो. पडताळा घेण्यासाठी पहिले शून्य काढावे: दोन मिलिसेकंदांच्या स्पंदाचे पहिले शून्य ५०० हर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला ३१४१.६ रेडियनला, आले पाहिजे.

साधे रूप जेथे शोभते

सर्वत्र प्रमाणित रूपच वापरावे असा आग्रह मी धरणार नाही. प्रयोगशाळेतील एका फटीच्या विवर्तनात फटीच्या मध्यापासून कडेपर्यंतचा कलाफरक हा कोनच असतो आणि तेथे तेजस्विता साध्या सिंकच्या वर्गाप्रमाणे बदलते. फट ०.१ मिलिमीटर आणि हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असेल, तर एक मीटरवरील पडद्यावर पहिला काळा पट्टा मध्यापासून ६.३ मिलिमीटरवर पडतो, आणि त्यापुढच्या उजळ पट्ट्याची तेजस्विता मधल्याच्या ४.७ टक्के असते, हे ०.२१७२ चा वर्ग करून कोणालाही पडताळता येईल. गोलीय बेसेल फलनांतील शून्य क्रमांकाचे फलनही साधे सिंकच आहे. घातश्रेणीही साध्या रूपात अधिक सुटसुटीत दिसते: १ − क्ष²/६ + क्ष⁴/१२० आणि पुढे तशीच.

संगणकावर मूल्ये काढताना

क्ष फार लहान असेल तर भागाकार बिघडतो, म्हणून घातश्रेणी वापरावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. सिंकच्या बाबतीत तो अनावश्यक आहे. क्ष अतिशय लहान असला तरी साइन(क्ष) अचूक मिळतो आणि भागाकारही अचूक राहतो. फक्त नेमक्या शून्यासाठी अट पुरते. सल्ला खरा लागू पडतो तो विकलनाला. तेथील सूत्र (क्ष × कोसाइन(क्ष) − साइन(क्ष)) ÷ क्ष² असे लिहिले, की वरती दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि क्ष दहाकोटीच्या एक भागाइतका असताना उत्तरातील एकही अंक भरवशाचा राहत नाही. क्ष ०.०१ पेक्षा लहान असेल तेव्हा −क्ष/३ + क्ष³/३० − क्ष⁵/८४० ही श्रेणी वापरावी. प्रमाणित रूपाच्या विकलनासाठी आत पाय × क्ष घालून आलेल्या उत्तराला पुन्हा पायाने गुणावे.

प्रमाणित रूपाची शून्येही संगणकावर नेहमी शून्य येत नाहीत. पाय ही संख्या संगणकात पूर्ण मावत नसल्यामुळे नमपाय सिंक(१) चे उत्तर ३.९ × १०⁻¹⁷ च्या आसपास देते. ज्युलियामध्ये पायाच्या पटींसाठी वेगळे साइन वापरलेले असल्याने तेथे नेमके शून्य मिळते. म्हणून नमपायमध्ये ‘सिंक शून्याबरोबर आहे का’ अशी अट लिहू नये. त्याऐवजी क्ष पूर्णांक आहे का ते तपासावे, किंवा १०⁻¹² सारखी सहनमर्यादा ठेवावी.